‘द ग्रेट गॅट्सबी’मधली डेझी नुसती पैशाची लोभी आहे का?

डेझीचा लग्नाआधीचा, तेव्हा गरीब असलेला प्रियकर गॅट्सबी पुढे श्रीमंत होऊन तिला पुन्हा भेटतो. त्याच्या रंगीबेरंगी शर्टांच्या ढिगात तोंड खुपसून डेझी रडते, तो प्रसंग म्हणजे ती पैशाला भुललेली असल्याचा पुरावा मानायचा का, असं तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर नाही. पैसा तिला सोडवत नाही हे खरंच, पण त्यामागे हाव नाही.

हाव याच कादंबरीत आहे, पण ती मर्टलमध्ये. ही गॅरेजवाल्याची बायको आणि डेझीच्या नवऱ्याची, टॉमची, प्रेयसी. न्यूयॉर्कला उतरल्या उतरल्या ती मासिकं घेते, कोल्ड क्रीम घेते, अत्तराची बाटली घेते. वाटेत कुत्र्याचं पिल्लू दिसलं, की तेही हवंच, आणि टॉम त्याचे दहा डॉलर देऊन टाकतो. पुढच्या खरेदीची यादीही तिच्या तोंडावर तयार असते. डेझी मात्र सबंध पुस्तकात काही विकत घेताना दिसत नाही. लुइव्हिलच्या पैसेवाल्या घरात वाढलेली मुलगी. पैसा नसलेलं आयुष्य तिने पाहिलेलंच नाही. म्हणूनच पैशाच्या जगाबाहेर पाऊल टाकायची तिला भीती वाटते.

ही भीती चौथ्या प्रकरणात स्पष्ट दिसते, शर्टांच्या प्रसंगाच्या आधीच. 1919 चा जून, लग्नाची आदली संध्याकाळ. टॉमने साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार दिलाय. डेझी दारू पिऊन पडली आहे, हातात एक पत्र. कचऱ्याच्या टोपलीतून हार काढून ती म्हणते, ज्याचा असेल त्याला परत करा, माझं मन बदललंय. पत्र कुणाचं ते लेखक सांगत नाही, पण गॅट्सबीचं हे आपल्याला कळतं. आंघोळीच्या टबातही ती ते सोडत नाही. भिजून त्याचे तुकडे पडायला लागतात तेव्हाच हातातून जाऊ देते. अर्ध्या तासाने ती खाली जेवायला येते तेव्हा मोती गळ्यात असतात. एका पानात तिचं सगळं आयुष्य ठरून जातं! इतकं नेमकं लिहिलेलं पान मी फार कमी वाचलंय.

शिवाय, नुसता पैसाच हवा असता तर गॅट्सबीकडे तो ढिगाने होताच की. हॉटेलातल्या भांडणात टॉम त्या पैशाचा उगम, म्हणजे बेकायदा दारूचा धंदा, उघड करतो आणि तिथून डेझी आतल्या आत मिटत जाते. तिला हवी असते पिढीजात श्रीमंतीची सुरक्षितता, आणि ती गॅट्सबी कुठूनही आणू शकत नाही. शर्टांवर ती रडते तेही मला यामुळेच वाटतं: हा माणूस इथवर पोचेल असा भरवसा तेव्हा कुणी दिला असता तर?

याचा अर्थ मी तिला माफ करतो असा नाही. मर्टलला उडवणारी गाडी तीच चालवत असते, आळ गॅट्सबीवर येतो आणि त्याच्या अंत्यविधीला ती साधं फूलही पाठवत नाही. लेखक फिट्झजेराल्ड तिला अजिबात सोडत नाही, आणि ते योग्यच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. डेझी आपल्याला जवळजवळ सगळी दिसते ती गोष्ट सांगणाऱ्या निकच्या नजरेतून. तिच्या आवाजात पैसा भरलाय, हे प्रसिद्ध वाक्यही गॅट्सबीचं, म्हणजे पैशाने सर्वांत जास्त दिपलेल्या माणसाचं. मुलीच्या जन्मावेळी नवऱ्याचा पत्ता नव्हता, तेव्हा आपण रडलो आणि ही सुंदर, मूर्ख निघो असं म्हणालो, हे ती स्वतः सांगते. तिच्या तोंडून असं आणखी थोडं ऐकायला मिळायला हवं होतं.