चेनची धार: ग्राइंडर घ्यावा की कानस?

प्रश्न: वेंगुर्ल्याजवळ माझी आंबा-काजूची बाग आहे. पावसाळा सोडला तर १८ इंची बारचं (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) चेनसॉ मशीन सतत लागतं. गेल्या वर्षी धार लावायला कुडाळला २४ फेऱ्या झाल्या. दर वेळी १५० रुपये धारेचे आणि ८० पेट्रोलचे. शिवाय ११०० रुपयांच्या तीन नव्या चेन गेल्या. दुकानदार ९५०० चा इलेक्ट्रिक ग्राइंडर 'नो कॉस्ट' हप्त्यांवर देतो आहे, त्याचं चाक वर्षाला एक, ५०० रुपयांचं. कानस, गाइड, व्हाइस वगैरे हातसामान १९०० ला पडतं, सुटी कानस १८० ला. काय करू?

उत्तर: कानस घ्या. पण आधी तुमच्या हिशेबातली गळती बघू. फेऱ्यांचे ५५२० आणि चेनचे ३३०० मिळून ८८२० होतात. तुम्ही कुडाळला असताना गडी बागेत काय करत होता? बऱ्याचशा फेऱ्या बाजारहाटाला जोडून झाल्या म्हणा, तरी आठेक वेळा त्याची अर्धी मजुरी बसून गेली असणार. ७०० रुपये रोजाने ते २८०० झाले. एकूण ११,६२०.

वहीत न दिसणारा खर्च आणखी निराळा. तालुक्याला जायचं म्हटलं की माणूस धार लांबणीवर टाकतो. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडायला लागला की चेन बोथट झाली हे गड्यालाही कळतं, पण 'आजचा दिवस ओढू' म्हणून तो मशीनवर रेटा देतो. पेट्रोल जास्त जातं, बार तापतो आणि झिजतो. धार थोडी थोडी आणि वरचेवर लावायची असते, तीही जागेवरच, बुंध्याशी बसून. ग्राइंडरसाठी चेन उतरवून घरी आणा, आणि तेव्हा वीज असेल तर नशीब.

तुमच्या मापाच्या मशीनला बहुधा पॉइंट ३२५ पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप, इंचात) चेन असते, तिला ४.८ मिमीची गोल कानस लागते. बारवर किंवा चेनवर कोरलेलं वाचून खात्री करा, कारण लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या, तीन-अष्टमांश पिचच्या चेनला ४ मिमीची लागते. ७२ ड्राइव्ह लिंकच्या (बारच्या खाचेत फिरणाऱ्या कड्या) चेनला ३६ दात, १८ डावे, १८ उजवे. गाइडवरची ३० अंशांची रेघ चेनला समांतर ठेवायची, कानस फक्त पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची. प्रत्येक दाताला दोन-तीन हात, मोजून. एक बाजू पुरी झाल्यावरच दुसरी. एका बाजूचे दात आखूड झाले तर मशीन वाकडं कापतं. दातापुढचा उंचवटा, म्हणजे डेप्थ गेज, दर तीन-चार धारांनंतर पट्टी लावून तपासा. तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. जोशात जास्त घासलात तर मशीन लाकडाला हिसका देईल. आणि हे सगळं प्लगची टोपी काढून, हातमोजे घालून.

आता पहिल्या वर्षाचे आकडे. हातसामान १९००, पाच जादा कानशी ९००, चेन दोन आणि शिकताना वाया जाणारी एक (ती जाणारच, आत्ताच धरा) ३३००, दात सारखे करून घ्यायला दुकानाच्या दोन फेऱ्या ४६०. एकूण ६५६०. वर्षात ६० वेळा पंधरा-पंधरा मिनिटं धरली तर १५ तास, रोजाच्या दराने सुमारे १३०० रुपये. तुमचा वेळ फुकट नाही, म्हणून तोही घातला. तरी पावणेचार हजार उरतात. दुसऱ्या वर्षापासून हातसामान आणि वाया जाणारी चेन हे खर्च नाहीत, म्हणून पावणेसात हजारांच्या आसपास.

ग्राइंडर पटकन आणि जास्त लोखंड खातो, नवख्याच्या हाती दात तापून निळा पडला तर त्याचा कडकपणा जातो. म्हणून चेन तीनच धरतो. चाकासह वर्षाचे ३८००. दुसऱ्या वर्षापासून कानशीचे ३५६० (वेळ दोन्हीकडे सोडून). म्हणजे तुमच्या एकट्याच्या चेनवर ते ९५०० वसूल व्हायला जागाच नाही. वाडीतल्या इतरांच्या चेन १५० रुपयांनी लावून द्यायच्या असतील तर गोष्ट वेगळी, पण नुसती किंमत फिटायला ६४ चेन हव्यात. तेवढी मशीनं पंचक्रोशीत आहेत का, हे ग्राइंडर घेण्याआधी मोजा. 'नो कॉस्ट' हप्ता कार्डावर असेल तर व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुधा तुमच्याच माथी येतं. रोखीची सूट जाते ती वेगळी.

एक न विचारलेली गोष्ट. मशीन चालवणाऱ्या गड्याचं बँक खातं असेल आणि वय १८ ते ७० मध्ये असेल, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, एक हात किंवा पाय गेला तर एक लाख. मुदत १ जून ते ३१ मे. त्याच्या खात्यातून हप्ता कापला जातो की नाही, हे पासबुकात बघून घ्या. आणि पहिल्या वर्षीच्या बचतीतून पायाला चेनसॉची संरक्षक पँट आणा, कानशींच्या दुसऱ्या डब्याआधी.