मंडळीच्या नळाला कुलूप

(वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं)

प्रश्न : बाई, सलाम. मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, कमिटीत आहे. वय ६८. माझ्या लहानपणी नाताळच्या उपासनेला चर्चबाहेर मांडव घालावा लागायचा. आता रविवारी तीस-पस्तीस डोकी, त्यातली निम्मी माझ्याहून म्हातारी. मुलं पुण्या-मुंबईला गेली. सुट्टीत आली की म्हणतात, ‘पप्पा, माणसानं चांगलं वागलं की झालं, चर्च कशाला?’ शाळा जिल्हा परिषदेच्या, दवाखाने खासगी. मिशनची पायरी आता कोण कशाला चढेल? अशा निधर्मी काळात मंडळीचं काम तरी काय उरलं?
– एक वाचक, श्रीरामपूर तालुका

उत्तर : सलाम, भाऊ. तुमचं पत्र आलं त्या रविवारी मी उपासनेत बसल्या बसल्या माणसं मोजली. एरवी असं कधी करत नाही. पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) धरून ४१ भरली. म्हणजे आपलं दुखणं एकच आहे.

तुम्ही लिहिता की शाळा सरकारच्या झाल्या, दवाखाने दुसऱ्यांचे झाले. यात दुःख कसलं, हे मला खरंच कळत नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, तेव्हा मुलीच्या हातात पाटी देणं लोकांना धर्म बुडवल्यासारखं वाटायचं. अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार बाईंनी त्या काळात नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते त्यांच्याकडे. आज वाडीवस्तीवरची मुलगी सायकलवरून शाळेत जाते. हे काम आपल्या हातून गेलं म्हणायचं, की पार पडलं म्हणायचं? मी ३४ वर्षं वर्गात उभी राहिले. शेजारच्या गावात झेडपीची नवी शाळा झाली तेव्हा आमच्या शाळेचा पट घसरला, स्टाफरूममध्ये सुतकी चेहरे झाले. मलाही तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

आपल्यातल्या काही जाणत्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळ्यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं. देश नुकता स्वतंत्र होत होता, गोरे मिशनरी परतायला लागणार हे दिसत होतं. अशा वेळी एका मराठी ख्रिस्ती माणसानं आपल्या लोकांपुरतं कुंपण घातलं नाही, अख्ख्या जिल्ह्याच्या पोरांसाठी कॉलेज उभं केलं. नगरमधल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर त्या कॉलेजातून बाहेर पडला. तो कुठल्या देवाला नमस्कार करतो, हे कुणी विचारलं नाही.

‘निधर्मी’ या शब्दाला तुम्ही घाबरू नका, असं मला मनापासून सांगायचंय. संविधानाच्या उद्देशिकेत १९७६ मध्ये ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आला. त्याचा अर्थ देवाला हाकलून द्या असा नाही. राज्य कुणाच्याच देव्हाऱ्यासमोर झुकणार नाही आणि कुणाचाच देव्हारा मोडणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्यासारख्या मूठभर लोकांना त्याहून मोठा आधार दुसरा कुठला आहे? परवा एका सभेत आपलेच एक वक्ते ‘धर्मनिरपेक्षता हा मंडळीचा शत्रू’ असं म्हणाले. मी तिथे उठून विरोध केला, इथेही लिहून ठेवते.

आता काम काय उरलं ते. आमच्याकडे घडलेली एक गोष्ट सांगते.

आमच्या चर्चच्या मागे कारखान्याचा रस्ता आहे. दसरा-दिवाळीनंतर तिथल्या मोकळ्या रानात ऊसतोड कामगारांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतात. बीडकडची माणसं, आमच्याच पाथर्डीकडचीही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हंगाम सोडता येत नाही. बाया पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापतात, चारला फडात जातात. आमच्या आवारात एक नळ आहे. काही वर्षांपूर्वी पाण्याचं बिल वाढलं, रस्त्यावरची पोरं मोटारसायकली धुवायला लागली, म्हणून कमिटीनं ठराव केला आणि नळावर लोखंडी पेटी बसवून कुलूप घातलं. ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होते.

नाताळच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी मी आणि दोन मुली चर्चच्या दारावर चांदणी बांधत होतो. एक बाई आवारात आली. फडातून थेट आलेली, डोक्यावर वाढ्याची (उसाच्या शेंड्यांची) मोळी, कमरेवर प्लॅस्टिकचा हंडा. ‘मावशी, एक हंडा भरू का? टँकर परवापासून आला नाही.’ किल्ली खजिनदारांकडे, आणि खजिनदार बँकेच्या कामाला नगरला गेलेले. मी तिला ते सांगितलं. ती पेटीकडे बघत राहिली. मग ‘राहू द्या’ म्हणाली, रिकामा हंडा दुसऱ्या कमरेवर घेतला आणि गेली. मी शिडीवर होते, हातात चांदणीची वायर.

‘मी तान्हेला होतो तेव्हा तुम्ही मला प्यायला दिलं’ हे येशूचे शब्द असलेला बायबलमधला मत्तयाचा २५ वा अध्याय मला पाठ आहे. त्या रात्री तो उघडून बघायची गरज पडली नाही.

रविवारी उपासना झाल्यावर मी विषय काढला. तासभर वाद झाला. ‘आज पाणी, उद्या जागा मागतील’ असंही कुणी म्हणालं. आपल्या जमिनींवर अतिक्रमणं झाली आहेत, त्यामुळे ती भीती खोटी नाही. शेवटी पेटी काढली. बाया यायला लागल्या, त्यांच्यामागे पोरं आली. पोरं आली की थांबतात, खेळतात. शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवायची, खोली आठवड्यातले सहा दिवस बंद असायची, ती उघडली. पहिल्या हंगामात ११ मुलं होती, गेल्या वर्षी २३. वर्ग संध्याकाळी साडेपाच ते सात. मूल गाव सोडतं तेव्हा शाळेनं त्याला शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि इथल्या शाळेनं त्यावर त्याला बसवून घ्यायचं, अशी सोय सरकारनं केलेली आहे. पण ते कार्ड मागायचं असतं हे आईला कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगणं आणि मुलाला घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभं राहणं, हेसुद्धा आता मंडळीचं काम झालंय.

नऊ वर्षांची एक मुलगी होती. दिवसभर धाकट्या भावाला काखेत घेऊन फिरायची. पाटीवर लिहिताना पेन्सिल चिमटीत धरायची नाही, मुठीत धरायची. मी दोनदा रागावले. तिसऱ्यांदा तिचा हात धरून बोटं नीट ठेवायला गेले, तेव्हा दिसलं की उसाच्या पात्यानं बोटांची पेरं चिरलेली आहेत आणि चिरांमध्ये पाटीचा चुना भरलाय. मी हळद आणि खोबरेल लावलं. नंतर तिला ज्या पकडीनं लिहायचं त्या पकडीनं लिहू दिलं. हंगाम संपून गावी जाताना तिला जोडाक्षरं येत होती.

भाऊ, बाकं भरण्यासाठी यातलं काही केलेलं नाही, आणि ती भरलीही नाहीत. आमचा एक मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. दृढीकरण (मोठेपणी मंडळीचा पूर्ण सभासद होण्याचा विधी) झाल्यापासून तो चर्चच्या बाकावर बसला नव्हता. खोलीतला दिवा बसवायला आला आणि गणित शिकवायला थांबला. पूर्ण हंगाम शिकवलं. रविवारी तो अजूनही येत नाही, आणि मी त्याला विचारत नाही. तुमच्या मुलांना ‘उपासनेला चला’ असं म्हणून बघितलंच असेल. एकदा ‘दिवा बसवायला चला’ म्हणून बघा.

प्रश्न : बाई, मी पुण्यात नोकरी करते. शनिवारी एका संस्थेत वस्तीतल्या मुलांना शिकवते. तिथे मला जेवढं बरं वाटतं तेवढं मंडळीत वाटत नाही. तरुण संघात आम्हा मुलींना कपडे आणि लग्न या दोनच विषयांवर ऐकवतात. सेवा संस्थेतही होते. मग मंडळी कशाला हवी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बाळ, कपडे आणि लग्नाबद्दल तू लिहिलंयस ते खरं आहे, आणि त्याबद्दल आम्हा मोठ्यांना लाज वाटायला हवी. पाळकांना हेच पत्र पाठव, नाव घालून पाठव.

तू शनिवारी करतेस ती भक्तीच आहे, तिला कमी समजू नकोस. ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक, त्यांनासुद्धा मिशनची चौकट अपुरी वाटली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांत ते वारले, दरबार फार पुढे गेला नाही. पण आजच्यासारख्या काळात मंडळी कशी असावी हे विचारलं, तर मला अजून त्यांचाच दरबार आठवतो.

तरी मंडळी सोडू नकोस असं का म्हणते, ते सांगते. संस्थेचा प्रकल्प तीन वर्षांचा असतो, मग निधी संपतो आणि माणसं दुसरीकडे जातात. त्यात त्यांचा दोष नाही. माझे यजमान गेले तेव्हा सतरा दिवस माझ्या घरात गॅस पेटला नाही. रोज कुणाच्या तरी घरचा डबा. ज्यांच्याशी नळावरून भांडले होते त्यांच्याकडचाही. त्यातले दोन डबे अजून माझ्याकडे आहेत, झाकणावर नावं कोरलेली. परत करायला गेले की बायका म्हणतात, राहू द्या बाई, पुढच्या वेळी लागतील. अशी माणसं एक दिवसात जमत नाहीत. पन्नास वर्षं एका बाकावर बसून जमतात.

प्रश्न : स्पष्ट विचारतो, राग मानू नये. मी ख्रिस्ती नाही. मिशनच्या शाळेतच शिकलो, तिथे मला कुणी काही जबरदस्ती केली नाही. तरी मनात येतं की या सगळ्या सेवेमागे शेवटी धर्मांतराचाच हेतू असतो. तुमचं प्रामाणिक मत काय?
– एक शिक्षक, संगमनेर

उत्तर : गुरुजी, राग कसला? तोंडावर विचारलंत, बरं वाटलं.

आधी माझ्या घरचं सांगते. १८९९-१९०० च्या दुष्काळात माझी पणजी मिशनच्या आवारात आली. पोटासाठी आली. ‘दुष्काळातले ख्रिस्ती’ असं आम्हाला हिणवतात ते यावरूनच. लहानपणी मला ते लागायचं. मग आजीनं दुसरी अर्धी गोष्ट सांगितली. गावच्या पाणवठ्यावर पणजीला भांडं बुडवायची मुभा नव्हती. वरून कुणी ओतलं तर प्यायचं, नाहीतर तसंच परत फिरायचं. मिशनच्या विहिरीवर तिनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पोहरा ओढला. ती ख्रिस्ती झाली ती धान्यामुळे की त्या पोहऱ्यामुळे, हे तुम्ही-आम्ही कसं ठरवणार? आणि तिच्याच पणतीनं नळाला कुलूप घालायच्या ठरावाला हात वर केला. या अंकातलं पहिलं उत्तर वाचलंत तर मी कशाबद्दल बोलते ते कळेल.

आता तुमचा प्रश्न. संविधानाचं २५ वं कलम धर्म पाळण्याचा तसा त्याच्या प्रसाराचाही हक्क देतं. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. कायद्याचं हे असं आहे. मला त्याहून कडक नियम पाळावासा वाटतो. गरजेत असलेल्या माणसासमोर आपण देवाचं नाव घेतलं की त्याला ‘नाही’ म्हणणं जड जातं. त्यानं होकार दिला, तरी तो खरा की मिंधेपणाचा, हे त्यालाही कळत नाही.

वर्गाच्या पहिल्या हंगामात आम्ही मुलांना बसवून प्रार्थना घेत होतो. सवयीनंच, वाईट हेतू नव्हता. एके दिवशी एक बाप आला. दारातच चप्पल काढून उभा राहिला आणि म्हणाला, ‘बाई, पोरगी घरी हात जोडून काहीतरी म्हणती. आमचा खंडोबा हाय. चालंल ना?’ तो तक्रार करत नव्हता, परवानगी मागत होता. त्याच्या मुलीला दोन अक्षरं येण्यासाठी त्याला मला विचारावं लागत होतं की आमचा खंडोबा चालेल का. मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्गात प्रार्थना बंद केली. मुलं येण्याआधी आम्ही शिकवणारे पाच मिनिटं बसतो आणि प्रार्थना करतो. मंडळीत यावरूनही वाद झाला. ‘मग आपल्यात आणि इतरांत फरक काय?’ असं एका ज्येष्ठ सभासदानं विचारलं. त्यांचा प्रश्न मला अजून खोटा वाटत नाही.

नाताळला आम्ही कोप्यांवर जाऊन आईबापांना आमंत्रण देतो. जे येतात त्यांना करंज्या-चिवडा मिळतो, येत नाहीत त्यांना घरपोच मिळतो. मोठं माणूस आपणहून विचारतं, ‘बाई, तुम्ही हे का करता?’ मग मी लाजत नाही. येशूचं नाव घेते, मला त्यानं काय दिलं ते सांगते. तो माझा हक्क आहे आणि माझा आनंदही आहे. ऐकून घेऊन ते पाण्याचा हंडा उचलतात आणि जातात.

गुरुजी, तुम्ही संगमनेरचे म्हणजे फार लांब नाही. गणित शिकवणारा तो मुलगा आता पुण्याला नोकरीला लागला. यंदाच्या हंगामाला गणितासाठी कुणी नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ जमली तर या. खोलीत तुमचा हेतू कुणी विचारणार नाही.