वाचकांचे प्रश्न : स्पर्धेसाठी लेखन पाठवताना

गेल्या अंकात आम्ही कथा, कविता आणि ललितलेखनाच्या स्पर्धांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. चांगले कसे लिहावे, हे आलेल्या पत्रांत जवळजवळ कोणीच विचारलेले नाही. लिहून झालेले पाठवावे कसे, हीच बहुतेकांची अडचण आहे. मला ती अडचण किरकोळ वाटत नाही. स्पर्धांच्या पहिल्या फेरीचे वाचन मी काही वर्षे केले आहे आणि एखाद्या अटीपायी वाचण्याआधीच बाजूला ठेवाव्या लागलेल्या प्रवेशिकांची मला आजही हळहळ वाटते.

प्रश्न : मी काही वर्षांपासून कथा लिहिते. त्यांपैकी एक कथा मी समाजमाध्यमावर तीन भागांत टाकली होती. ती आता एका स्पर्धेला पाठवावी असे मनात आहे, पण नियमावलीत ‘अप्रकाशित’ अशी अट आहे. छापून तर ती कुठेच आलेली नाही. मग पाठवता येईल का?

उत्तर : बहुतेक स्पर्धांच्या दृष्टीने आपली ही कथा प्रकाशित झालेली आहे. ‘प्रकाशित’ म्हणजे कागदावर छापलेले, हा अर्थ आता मागे पडला असून, कोणालाही सहज वाचता येईल अशा ठिकाणी जे ठेवले गेले ते प्रकाशित, असे बहुतेक आयोजक मानतात. मजकूर नंतर काढून टाकला म्हणून तो पुन्हा अप्रकाशित होत नाही, आणि पात्रांची नावे व शीर्षक बदलल्याने ती नवी कथाही होत नाही. याउलट चार मित्रांना वाचायला दिलेली, लेखन कार्यशाळेत वाचून दाखवलेली किंवा मोजक्या लोकांच्या बंद गटात चर्चेसाठी ठेवलेली कथा सहसा अप्रकाशितच धरली जाते. ‘सहसा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण काही नियमावल्या याबाबतीत फार कडक असतात.

या अटीमागे नवेपणाचा हव्यास नसतो. परीक्षकाने कथा आधी वाचलेली असेल, तर ती कोणाची आहे हेही त्याला ठाऊक असण्याचा संभव असतो आणि मग नाव झाकून परीक्षण करण्याला काही अर्थ उरत नाही. त्यातून निकाल जाहीर झाल्यावर एखाद्या वाचकाला ती कथा आठवली, तर पारितोषिक परत घेण्याची वेळ येते. त्या प्रसंगाचा मनस्ताप पारितोषिक न मिळण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. तेव्हा या स्पर्धेला दुसरी कथा पाठवावी आणि ही कथा, प्रकाशित साहित्य स्वीकारणाऱ्या एखाद्या स्पर्धेसाठी राखून ठेवावी. मनात शंका उरत असेल तर मुदतीच्या बरेच आधी आयोजकांना दोन ओळी लिहाव्यात : कथा कोठे, कधी आणि किती काळ उपलब्ध होती, एवढेच. आलेले उत्तर जपून ठेवावे.

प्रश्न : माझ्या जुन्या कथा युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या आहेत. स्पर्धेला युनिकोडमधील मजकूर हवा आहे. रूपांतर करून पाठवले तर चालेल का? आणि ३००० शब्दांची मर्यादा नेमकी कशी मोजायची?

उत्तर : रूपांतर चालेल, पण रूपांतर झाले म्हणजे काम संपले असे समजू नये. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत साठवलेली असतात ती रोमन लिपीची चिन्हे. म्हणूनच तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर संपूर्ण कथा निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन उघडते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे फॉन्ट कोणताही असला तरी अक्षर तेच राहते.

रूपांतराच्या साधनांकडून काही चुका हमखास होतात आणि त्या शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलिखित केली जात असे, त्यामुळे ती कधीकधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफार एक घर पुढे किंवा मागे सरकतो. सर्वांत जास्त हाल होतात ते ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’, ‘पायऱ्या’ अशा शब्दांतील अर्ध्या ऱ्याचे. तेथे ‘दुसर्या’ असे काहीतरी उमटते आणि वाचणाऱ्याला ती लेखकाचीच चूक वाटते. अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच चिन्हे येतात. म्हणून रूपांतरित मजकूर पडद्यावर न वाचता छापून घ्यावा आणि मोठ्याने वाचावा. डोळा सवयीने चूक दुरुस्त करून पुढे जातो, पण जीभ अडखळते.

शब्दसंख्येबाबत एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डसारखी प्रणाली दोन मोकळ्या जागांमधील मजकूर म्हणजे एक शब्द, अशी गणती करते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात, म्हणून ‘घराजवळच्या झाडाखाली’ हे दोनच शब्द भरतात. तेच कोणी ‘घरा जवळच्या झाडा खाली’ असे तोडून लिहिले, तर गणती चारवर जाते आणि लेखनही अशुद्ध ठरते. अशा तुटक लेखनामुळे मर्यादेबाहेर गेलेली एक चांगली कथा माझ्या पाहण्यात आहे. शब्द जोडून लिहिले असते तर ती मर्यादेत सहज बसली असती. उलट बाजूने, मर्यादेत बसवण्यासाठी शब्द ओढूनताणून एकमेकांना चिकटवणाऱ्यांचेही लिखाण येते आणि ते पहिल्या पानावरच ओळखू येते. शीर्षक मोजायचे की नाही हे नियमावलीत पाहावे. उल्लेख नसेल तर मोजलेले बरे.

मर्यादा केवळ वरची असते असेही समजू नये. २०१२ पासून दिल्या जाणाऱ्या राष्ट्रकुल लघुकथा पारितोषिकाच्या नियमांत कमाल ५००० शब्दांबरोबर किमान २००० शब्दांचीही अट आहे. कवितेची मर्यादा तर पुष्कळदा शब्दांत नसून ओळींत असते. इंग्लंडमधील ब्रिडपोर्ट पारितोषिकासाठी कविता ४२ ओळींच्या आत असावी लागते.

प्रश्न : प्रवेशिकेवर नाव लिहू नये, ही सूचना मी पाळली होती. तरीही नाव उघड झाल्याच्या कारणावरून माझी कविता बाद झाली. हे कसे घडले असेल?

उत्तर : नाव पानावर नसले तरी ते फाइलमध्ये असू शकते, हे त्याचे सर्वांत संभाव्य कारण दिसते. फाइलला आपण स्वतःचे नाव दिले असेल, किंवा संगणकाच्या मालकाचे नाव वर्डने फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून आपोआप नोंदवले असेल. वर्डमधील दस्तऐवज तपासण्याची सोय वापरून ही माहिती पुसता येते; पीडीएफ करण्यापूर्वी ती पुसावी, कारण तिथेही ती सोबत जाते. फाइलचे नाव केवळ कवितेच्या शीर्षकावरून ठेवावे. कवितेच्या शेवटच्या ओळीत कवीने स्वतःचे नाव गुंफण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, पण अशा स्पर्धेत तीही अडचणीची ठरते. अर्पणपत्रिका आणि ‘माझ्या अमुक संग्रहातील’ यांसारख्या टिपाही गाळाव्यात.

अनामिकतेची ही रीत जुनी आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधील अकादम्यांच्या निबंधस्पर्धांत लेखक हस्तलिखितावर नावाऐवजी एखादे बोधवचन लिहीत. तेच वचन वर असलेल्या मोहोरबंद चिठ्ठीत त्यांचे नाव असे आणि निर्णय झाल्यावरच विजेत्याची चिठ्ठी उघडली जाई. आजचा वेगळा प्रवेश अर्ज आणि त्यावरील प्रवेशिका क्रमांक हे त्या चिठ्ठीचेच काम करतात. ज्याला कोणी ओळखत नाही अशा नवोदितासाठी साहित्यव्यवहारात याहून न्याय्य सोय मला दुसरी माहीत नाही, म्हणून ती त्रासदायक वाटली तरी तिच्यावर रागावू नये.

प्रश्न : एका स्पर्धेत प्रवेशशुल्क आहे आणि ‘आलेल्या सर्व साहित्याचे हक्क संस्थेकडे राहतील’ असे लिहिले आहे. पाठवावे की नाही? पाठवण्याआधी कथेची स्वामित्वहक्क नोंदणी करणे आवश्यक आहे का?

उत्तर : यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांतील शुल्काचा प्रश्न सर्वांत कमी काळजीचा आहे. शुल्क आहे म्हणून स्पर्धा फसवी ठरत नाही आणि ती विनाशुल्क आहे म्हणून चांगलीही ठरत नाही. १९७३ मध्ये सुरू झालेले ब्रिडपोर्ट पारितोषिक शुल्क घेते, राष्ट्रकुल लघुकथा पारितोषिक घेत नाही, आणि दोन्हींना प्रतिष्ठा आहे. पाहावे ते एवढेच, की परीक्षक कोण आहेत हे जाहीर केले आहे का, मागील विजेते आणि त्यांचे लेखन कोठे पाहायला मिळते का, आणि शुल्काच्या मानाने पारितोषिकाची रक्कम योग्य आहे का. ‘आपली निवड झाली आहे, आता पुस्तकाच्या अमुक प्रती विकत घ्या’ असे सांगणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. तेथे लेखक हाच गिऱ्हाईक असतो.

हक्कांचे ते वाक्य मला गंभीर वाटते. विजेती कथा एकदा प्रकाशित करण्याचा हक्क आयोजकांनी मागणे स्वाभाविक आहे, कारण ते प्रकाशनच लेखकालाही हवे असते. परंतु न जिंकलेल्या शेकडो जणांच्या कथांचे सर्व हक्क, तेही कालमर्यादेशिवाय, केवळ प्रवेशिका पाठवली म्हणून घेणे अन्यायाचे आहे. ही अट मान्य केल्यावर आपली कथा आपल्याच संग्रहात घेण्यासाठी, तिचे नाट्यरूपांतर वा भाषांतर करू देण्यासाठी दुसऱ्याची परवानगी मागावी लागू शकते. आयोजकांना पत्र लिहून विचारावे की हे कलम केवळ विजेत्या साहित्याला, एका प्रकाशनापुरते लागू आहे का. पुष्कळदा असे कलम दुसऱ्या कोणाच्या नियमावलीतून विचार न करता उचललेले असते आणि विचारल्यावर दुरुस्त होते. दुरुस्त झाले नाही, तर पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदणीविषयी : १८८६ च्या बर्न करारात सहभागी असलेल्या देशांत, म्हणजे जगातील बहुसंख्य देशांत, लेखन होताच लेखकाला स्वामित्वहक्क प्राप्त होतो आणि त्यासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. भारतातही तसेच आहे. वाद उद्भवल्यास पुरावा हाती असावा म्हणून जुने कच्चे खर्डे, फाइलच्या तारखा आणि पाठवलेला ईमेल जपून ठेवावा. कल्पनेला मात्र हे संरक्षण नसते. ते कल्पना ज्या शब्दांत मांडली त्या मांडणीला असते.

प्रश्न : एकच कथा एकाच वेळी दोन स्पर्धांना पाठवली तर?

उत्तर : दोन्हींच्या नियमावल्यांत परवानगी असेल तरच पाठवावी, आणि एकीकडे निवड होताच दुसरीकडे त्याच दिवशी कळवून प्रवेशिका मागे घ्यावी. नियमावलीत याविषयी काही नसेल तर विचारावे.

प्रश्न : परदेशी स्पर्धेची मुदत ‘३१ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत’ असते, ती कोणाची मध्यरात्र?

उत्तर : आयोजकांच्या देशातील, जर वेगळे काही सांगितले नसेल तर. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे तेथे रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटे होतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे ५ वाजून २९ मिनिटे झालेली असतात. ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ चालू असेल तर ४ वाजून २९ मिनिटे. हा हिशेब ठाऊक असावा, पण त्यावर विसंबू नये. शेवटच्या तासात सर्वांचीच गर्दी होते, फाइल चढत नाही, शुल्क कापले जाते आणि पोच येत नाही. मुदतीच्या तीन दिवस आधी पाठवावे आणि पोच आली नाही, तर चौकशी करण्यास वेळ उरतो.

प्रश्न : शुद्धलेखन तपासण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले. हे सांगावे लागेल का?

उत्तर : हमीपत्रात काय विचारले आहे ते शब्दशः वाचावे. यंत्राने लिहिलेल्या कथांचा ओघ वाढल्यामुळे क्लार्क्सवर्ल्ड या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये कथा स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले होते, आणि त्यानंतर याविषयीच्या अटी अधिक कडक होत गेल्या आहेत. ‘कोणत्याही प्रकारे वापर नाही’ असे लिहून द्यायचे असेल, तर शुद्धलेखन तपासणीही त्यात येते का हे विचारल्याशिवाय सही करू नये. वाक्ये त्या साधनाने बदलून दिली असतील, तर ती कथा ‘स्वलिखित’ म्हणून पाठवू नये.

प्रश्न : सहा महिने झाले, निकालाचे उत्तर नाही. कथा चांगली नव्हती असे समजावे का?

उत्तर : तसे समजण्यास आधार नाही. अनेक स्पर्धा केवळ विजेत्यांना कळवतात आणि प्रवेशिकांची संख्या पाहता प्रत्येकाला अभिप्राय देणे त्यांना शक्य नसते. अंतिम यादीच्या काठावर राहिलेल्या कथा मी वाचल्या आहेत. त्यांतील काहींच्या बाबतीत दोन परीक्षकांचे एकमत झाले नाही, एवढेच त्यांचे उणे होते. निकालाची जाहीर तारीख उलटून गेली असेल तर आयोजकांना एकदा लिहावे, आणि निकाल लागल्याचे कळताच ती कथा दुसरीकडे पाठवण्यास मोकळी झाली असे धरावे. एका वहीत कथेचे शीर्षक, स्पर्धा, पाठवल्याची तारीख, निकालाची तारीख आणि दिलेले हक्क यांची नोंद ठेवावी. पुन्हा पाठवण्यापूर्वी कथा एकदा वाचावी. सहा महिन्यांच्या अंतरानंतर पहिला परिच्छेद गाळण्याजोगा आहे असे बऱ्याच जणांना दिसते, आणि तो गाळल्यावर शब्दसंख्या पुन्हा मोजावी लागते.