उटीच्या चढउतारांवर गोल्फचा पहिला डाव

प्रश्न : माझे वय 52 असून मी कोल्हापुरात व्यवसाय करतो. कामानिमित्त पुण्याला जाणे होते, तेव्हा तेथील सराव-मैदानावर प्रशिक्षकाकडून मी गोल्फचे प्राथमिक धडे घेतले आहेत. मात्र खऱ्या मैदानावर अजून एकदाही खेळलेलो नाही. ऑक्टोबरमध्ये आम्ही सहकुटुंब उटीला जाणार आहोत आणि तेथील क्लबचे सदस्य असलेले माझे व्याही मला खेळायला नेणार आहेत. मैदान डोंगराळ आहे असे कळते. सपाट चटईवर शिकलेल्या माणसाने पहिल्याच खेपेला अशा ठिकाणी उतरावे का? आणि व्याह्यांसमोर शोभा होऊ नये म्हणून काय तयारी करावी?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अवश्य उतरावे. उटीचे अठरा होलचे (होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा आणि तेथवरचा खेळाचा पट्टा) मैदान निलगिरीच्या टेकड्यांवर पसरलेले आहे आणि ते देखणे आहे यात शंका नाही. आपल्याला खरी अडचण येईल ती पायाखालच्या जमिनीची. सरावाच्या चटईवर दोन्ही पाय आणि चेंडू एकाच पातळीत असतात. डोंगराळ मैदानावर टी (प्रत्येक होलची सुरुवात करण्याची जागा) सोडून पुढे गेल्यावर असा योग क्वचितच येतो. फटका बिघडला की नवखा खेळाडू स्विंगला (काठी फिरवण्याच्या हालचालीला) दोष देतो आणि पुढच्या फटक्याला आणखी जोर लावतो. वास्तविक बिघाड बहुतेक वेळा त्याआधीच, उभे राहण्यात झालेला असतो.

आपण उजव्या हाताने खेळता असे धरून चालतो. चेंडू पावलांपेक्षा उंचावर असेल, तर तो डावीकडे वळतो. म्हणून क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मुठीत थोडा खाली धरावा आणि रोख लक्ष्याच्या जरा उजवीकडे ठेवावा. चेंडू पावलांपेक्षा खाली असेल, तर तो उजवीकडे जातो, आणि हा प्रकार मला सर्वांत अवघड वाटतो, कारण फटका मारताना शरीर नकळत उचलले जाते आणि क्लब चेंडूच्या डोक्यावरून निसटतो. येथे गुडघे अधिक वाकवून शेवटपर्यंत तसेच ठेवावेत आणि अर्ध्या स्विंगवर समाधान मानावे. चढाच्या दिशेने खेळताना चेंडू उंच उडतो व कमी अंतर कापतो, त्यामुळे सपाटीवर जेथे आठ नंबरचे आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब; नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो) घेतले असते तेथे सात किंवा सहा नंबरचे घ्यावे. उतरणीवर याच्या उलट, चेंडू बुटका उडतो आणि पडल्यावर बराच घरंगळतो. या दोन्ही वेळी खांद्यांची रेषा जमिनीच्या उताराशी समांतर ठेवली की निम्मे काम होते. याचा सराव घरी करता येतो. शेताच्या एखाद्या उतारावर, आसपास कोणी नाही हे पाहून, चेंडूशिवाय चारही प्रकारे उभे राहून सावकाश स्विंग करावा आणि क्लब गवताला नेमका कोठे टेकतो ते पाहावे.

उटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे, तर कोल्हापूर साधारण 550 मीटरवर. विरळ हवेत चेंडूला विरोध कमी होतो आणि तो अधिक लांब जातो, असे व्याही सांगतीलच. ते खरे आहे, परंतु त्याचा लाभ चेंडू क्लबच्या मध्यावर बसणाऱ्यांना होतो; आपण पहिल्या दिवशी तो हिशेब मांडू नये. त्या हवेचा परिणाम आपल्याला आधी दमावर जाणवेल. अठरा होल पायी खेळायचे म्हणजे चढउतारांसह आठ-नऊ किलोमीटरची चाल होते आणि चार तासांहून अधिक वेळ लागतो. तेव्हा महिनाभर आधीपासून पन्हाळ्याचा किंवा जोतिबाच्या डोंगराचा चढ पायी चढण्याची सवय ठेवावी, आणि पहिल्या खेपेस नऊच होल खेळू असे व्याह्यांना मोकळेपणाने सांगावे.

ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, डोळे फसवतात. सभोवारची सगळी टेकडीच कललेली असल्यामुळे जी जागा सपाट भासते तीही बहुधा दरीच्या बाजूला उतरलेली असते. ग्रीनकडे चालत येतानाच, थोड्या अंतरावरून, पूर्ण ग्रीनचा कल पाहून घ्यावा. तरीही शंका राहिली तर कॅडीला (क्लबांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला) विचारावे आणि तो सांगेल ते, आपल्या डोळ्यांना पटत नसले तरी, मानावे.

आता शोभेचा प्रश्न. वाईट खेळणाऱ्याचा राग गोल्फमध्ये सहसा कोणी करीत नाही. संथ खेळणाऱ्याचा मात्र सगळेच करतात. हरवलेला चेंडू शोधण्यास 2019 पासूनच्या नियमांनुसार तीनच मिनिटे मिळतात. चेंडू हरवण्याची शंका येताच, शोधायला निघण्यापूर्वी, तसे सांगून दुसरा तात्पुरता चेंडू खेळून ठेवावा, म्हणजे पुन्हा चढ चढून मागे यावे लागत नाही. काटेरी झुडपात किंवा उभ्या उतारावर चेंडू अडकला, तर पराक्रम न करता तो खेळण्यायोग्य नसल्याचे जाहीर करावे. एका फटक्याचा दंड घेऊन, होलच्या जवळ न जाता, दोन क्लबांच्या लांबीच्या आत गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडता येतो. लाल वा पिवळ्या खुंट्यांनी दाखवलेल्या, पाण्यासारख्या दंडाच्या जागेच्या हद्दीत मात्र ही सवलत नाही, तेथे वेगळा नियम लागतो. आणि एखाद्या होलवर पारच्या (त्या होलसाठी अपेक्षित फटक्यांच्या) दुप्पट फटके झाले की चेंडू सरळ उचलावा. मैत्रीच्या खेळात याला कोणी हरकत घेत नाही. उलट मागचे खेळाडू मनातून आभार मानतात. चेंडू कोणाच्या दिशेने गेला, तर ‘फोर’ अशी मोठ्याने हाळी द्यायला मात्र संकोच करू नये. वळणावळणाच्या मैदानावर पलीकडचा माणूस दिसतोच असे नाही.

साहित्यावर खर्च करण्याची घाई नको. नियमाने चौदा क्लब नेता येतात, पण आपल्याला पटर (ग्रीनवर चेंडू ढकलण्याचा क्लब), एक वेज (जवळच्या, उंच फटक्यांसाठीचा), दोन-तीन आयर्न आणि एक हायब्रिड (लांब फटक्यांसाठीचा) पुरेसे आहेत, आणि चढावर कमी ओझे बरे. चेंडू स्वस्तातले, वापरलेले, पण डझनभर न्यावेत; धुके उतरते तेव्हा पिवळे चेंडू चटकन दिसतात. ऑक्टोबरमध्ये तेथे ईशान्य मोसमी पावसाच्या सरी येतात, म्हणून पकड घेणारे बूट, पातळ रेनकोट आणि हात पुसायला कोरडा टॉवेल हवाच. कॉलरचा शर्ट घालावा. पाहुण्यांसाठीचे शुल्क, हँडिकॅपविषयीची (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या अंकाविषयीची) अट आणि कॅडीचे मानधन यांबद्दल व्याह्यांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे, आणि कॅडीचे पैसे आपणच द्यावेत.