एसईलिनक्स (लिनक्समधली सुरक्षा व्यवस्था) बंद केल्यावरच एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालतो, मग कायमचा बंद ठेवू का?

नको. रॉकी लिनक्सवर ७७७ परवानगी (सगळ्यांना सगळी मुभा) देऊनही ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याची एरर येते आणि 'सेटएनफोर्स ०' करून एसईलिनक्सची सक्ती तात्पुरती काढल्यावर साइट उघडते, म्हणजे दोष परवानग्यांचा नाही, लेबलचा, म्हणजे एसईलिनक्सने फाइलला लावलेल्या खुणेचा आहे. (ते ७७७ आधी काढा.)

एनजिनएक्सची प्रोसेस 'एचटीटीपीडी_टी' या डोमेनमध्ये (एसईलिनक्सने प्रोसेसला दिलेल्या गटात) चालते. पॉलिसीत, म्हणजे एसईलिनक्सच्या नियमावलीत मुभा असलेल्या लेबलच्याच फाइल्स तिला वाचता येतात. फाइलचा मालक कोण, याने त्यात फरक पडत नाही. तुम्ही फाइल्स होममधून 'एमव्ही'ने /डेटा/साइटमध्ये हलवल्यात. 'एमव्ही' जुनं लेबल सोबत घेऊन येतो, त्यामुळे त्यांच्यावर अजून 'युजर_होम_टी'च आहे. 'एलएस -झेड' करून बघा, दिसेल.

'सीएचकॉन'ने लेबल बदलतं, पण पुढच्या रीलेबलला (लेबलं नियमांप्रमाणे पुन्हा लावताना) पुसलं जातं. त्यापेक्षा 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'ने त्या फोल्डरसाठी 'एचटीटीपीडी_सिस_कन्टेन्ट_टी' हा नियम नोंदवा, मग 'रिस्टोअरकॉन -आरव्ही' चालवा. दोन ओळींचं काम.

प्रॉक्सी करून, म्हणजे आलेली विनंती मागच्या ॲपकडे पाठवताना ५०२ ही एरर आली, तर बहुधा 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट' हा बूलियन (पॉलिसीतला चालू-बंद स्विच) बंद असतो. 'सेटएसईबूल -पी'ने चालू करा. 'पी' विसरलात तर रीबूटनंतर पुन्हा तेच रडगाणं.

आणि लॉगमधल्या नकारांवरून मुभेचे नियम बनवणाऱ्या 'ऑडिट२अलाऊ'चं आउटपुट न वाचता लोड करू नका. मीही एकदा केलं होतं. लेबलची चूक तशीच राहिली आणि वर एक नको ती मुभा पॉलिसीत जाऊन बसली.

अगदीच अडलं तर 'सेमॅनेज परमिसिव्ह -ए एचटीटीपीडी_टी' करा. तेवढंच डोमेन मोकळं होतं, नकार लॉगमध्ये येत राहतात, बाकीचा सर्व्हर बंदोबस्तातच राहतो.