दलाल स्ट्रीटवर आज सौदे होतात का?

प्रश्न : टीव्हीवर रोज 'दलाल स्ट्रीटवर पडझड', 'वॉल स्ट्रीट वधारलं' असं ऐकतो. हे रस्ते आहेत की बाजार? आम्ही मोबाइलवर शेअर घेतो तो सौदा तिथंच होतो का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : दोन्ही खरेच रस्ते आहेत. न्यूयॉर्कच्या डच वसाहतीने 1653 मध्ये वस्तीच्या उत्तरेला तट (इंग्रजीत 'वॉल') घातला. इंग्रजांनी तो 1699 मध्ये पाडला, रस्त्याला नाव तेवढं राहिलं. 1792 मध्ये 24 दलालांनी तिथं करार केला : पाव टक्क्याखाली दलाली घ्यायची नाही, सौद्यात आधी आपसातल्यांना धरायचं. न्यूयॉर्क शेअर बाजाराचं मूळ ते.

मुंबईचे दलाल 1850 च्या दशकात टाउन हॉलजवळ वडाखाली जमत. अमेरिकेत यादवी पेटली (1861–65), तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि आपल्या खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाचा भाव कडाडला. त्या तेजीतला पैसा मुंबईत सट्ट्यात ओतला गेला आणि 1865 मध्ये बाजार आपटला. दलाल टिकले. 1874 मध्ये ज्या गल्लीत त्यांनी कायमचं बस्तान बसवलं, ती दलाल स्ट्रीट. पुढच्या वर्षी त्यांची संघटना झाली, तीच आजची बीएसई, म्हणजे मुंबई शेअर बाजार.

भाव तोंडी ठरायचा, त्यामुळे ज्याला तो हवा त्याला तिथं हजर राहावं लागे. मग दलाल, पेढ्या, बँका सगळे आसपास गोळा झाले. एवढ्या मंडळींना मिळून एक नाव हवं, तर रस्त्याचंच सोयीचं. बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव उतरला की रावेर-यावलचा केळीवाला 'बऱ्हाणपूर पडलं' म्हणतो ना, तसंच.

आता नावापुरतंच. 1995 मध्ये बीएसईचे सौदे संगणकावर गेले नि आरडाओरडा थांबला. त्याआधीच, 1994 मध्ये, एनएसई (राष्ट्रीय शेअर बाजार) सुरू झाली होती. तिचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. 'दलाल स्ट्रीट कोसळली' म्हणून निफ्टी या निर्देशांकाचा आकडा सांगतात, तो खरं तर एनएसईचा! (बीएसईचा निर्देशांक सेन्सेक्स.)

तुमचा सौदा कुठं झाला ते कॉन्ट्रॅक्ट नोटवर (दलालाकडून येणाऱ्या सौद्याच्या पावतीवर) बघा. एक्स्चेंजचं नाव, ऑर्डर क्रमांक आणि वेळ तिथं असते. ऑर्डर टाकतानाही एनएसई की बीएसई हे निवडावं लागतं. भावात काही पैशांचा फरक दिसतो, तो चालतो. मात्र इंट्राडेचा (त्याच दिवशी घेऊन विकायचा) शेअर ज्या एक्स्चेंजवर घेतला तिथंच विकायचा. घाईत दुसरीकडे विक्री टाकली, की पहिला सौदा उघडाच राहतो.