दत्तक घ्यायला परदेशी निघताना

तारीख मिळाली, अभिनंदन! परतीचं तिकीट मात्र बदलता येईल असंच काढा. कोर्टाचा आदेश, नवा जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट, व्हिसा... काहीतरी हमखास रेंगाळतं. दोन्ही देश १९९३ च्या हेग करारात (आंतरदेशीय दत्तकविधानाचे नियम ठरवणारा करार) असतील आणि दत्तकविधान तिथेच पूर्ण होणार असेल, तर कलम २३ चं प्रमाणपत्र, म्हणजे दत्तकविधान करारानुसार झाल्याचा दाखला, घेतल्याशिवाय निघू नका. त्यातलं प्रत्येक नाव तिथल्या तिथे तपासा. ‘काम लवकर करून देतो’ म्हणत कोणी पावतीशिवाय रोख मागितली, तर सरळ नाही म्हणा.

किल्ले, संग्रहालयं मूल हाती येण्याआधी उरकून घ्या. नंतर त्याला तुम्ही दोघंच पुष्कळ नवे असता. त्यात गर्दी कशाला? त्यापेक्षा संगोपनगृहाजवळच्या बाजारात, बागेत रमा. पुढे मूल विचारेल ते याच गल्ल्यांबद्दल.

आणि सांभाळणाऱ्या मावशींशी निवांत बोला, हे सगळ्यात महत्त्वाचं. झोपवताना काय गुणगुणता, दूध कितपत कोमट, अंघोळीला रडतो का? परवानगी असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. पांघरूण मागाल तर वापरातलंच मागा, आणि आठवडाभर तरी धुऊ नका. वास ओळखीचा असला की रात्री जरा सोप्या जातात.